स्वतःच्या गाडीतून एक दिवसाची सफारी: ठाण्याहून कुठे, कधी, कशी?

मानपाडाकर

ठाण्याहून सकाळी निघून रात्री जेवायला घरी, एवढ्या वेळात स्वतःच्या गाडीने पक्षी-प्राणी बघायचे आहेत. गाडी एर्टिगा. माणसं पाच: दोघं आम्ही, आई (वय 68, गुडघे दुखतात, फार चालता येत नाही), मुलगी 11 वर्षांची, मुलगा 7. दिवस फेब्रुवारी किंवा मार्चमधला एखादा रविवार.

डोक्यात चार ठिकाणं आहेत: ऐरोलीची फ्लेमिंगो बोट, नवी मुंबईत सीवूड्सचे तलाव, पनवेलपुढचं कर्नाळा पक्षी अभयारण्य आणि ठाण्यालगतचं येऊरचं जंगल. प्रश्न असे:
चारही एका दिवसात होतील का, आणि क्रम काय ठेवावा?
अभयारण्यात आपली गाडी नेता येते का?
दुर्बीण कोणती घ्यावी?
आईला गाडीतून न उतरता काय काय दिसेल?

फोटोंचा सोस नाही. मुलांना नीट दिसलं पाहिजे, एवढंच.

खाडीकाठी

चार ठिकाणं विसरा, दोन करा. आणि ठिकाण ठरवायच्या आधी तारीख ठरवा. तारीख ठरवायची ती रविवार बघून नाही, तिथी बघून.

ठाणे खाडीतले फ्लेमिंगो घड्याळावर चालत नाहीत, पाण्यावर चालतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते खाडीच्या मधोमध पांगून चरतात. काठावरून तेव्हा दिसते ती नुसती गुलाबी रेघ. भरती चढायला लागली की चिखल बुडत जातो आणि थवे काठाकडे सरकतात. पाणी आणखी वाढलं की उठून सीवूड्सच्या बाजूला टी. एस. चाणक्य या नाविक प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ, डी.पी.एस. शाळेजवळचा तलाव अशा उथळ जागी येऊन बसतात. माणसाला जवळून दिसण्याची वेळ हीच. पुऱ्या ओहोटीला सीवूड्सला गेलात तर चार शेकाटे आणि एक वंचक (छोटा बगळा) बघून परत याल, आणि मुलं म्हणतील फ्लेमिंगो वगैरे सगळं थाप आहे.

भरतीची वेळ काढायचा कोळीवाड्यातला हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा. शुक्ल असो वा कृष्ण, पक्ष बदलला की पुन्हा एकपासून मोजायचं. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास असतात, म्हणून तोच आकडा दिवसाही लागू आणि रात्रीही. प्रत्यक्ष भरती या हिशोबापेक्षा बहुतेक वेळा थोडी मागे असते. छापील सारणी मुंबईला अपोलो बंदरची असते आणि पाणी खाडीतून वर ऐरोलीपर्यंत चढायला आणखी वेळ घेतं. तेव्हा कॅलेंडरवरून दिवस निवडा, पक्की वेळ सारणीवरून घ्या आणि अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा.

नुसती वेळ जुळून भागत नाही, पाणी किती चढतं तेही बघावं लागतं. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी अर्धवटच चढतं, बराच चिखल उघडा राहतो, मग पक्षी खाडी सोडून तलावाकडे कशाला येतील? पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं, पाणी चांगलं चढतं, पण भरती भर दुपारी येते. म्हणजे तुमच्या कामाच्या तिथ्या द्वादशी, त्रयोदशी, चतुर्दशी. पाणी बऱ्यापैकी आणि भरती सकाळची.

सकाळच का, तर उजेडासाठी. नवी मुंबईच्या काठावर उभं राहिलं की खाडी पश्चिमेला येते. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी, पक्ष्यांवर सरळ उजेड, गुलाबी रंग खुलून दिसतो. दुपारी तीननंतर सूर्य समोर येतो, पाणी चमकतं आणि पक्षी काळ्या कागदातून कापल्यासारखे दिसतात. पलीकडच्या भांडुप-शिवडीच्या काठावर याच्या उलट. दुसरी भानगड उन्हाची. अकरानंतर चिखलावरची हवा थरथरायला लागते आणि कितीही भारी दुर्बीण असली तरी लांबचा पक्षी लहरत राहतो. दुर्बिणीला दोष देऊ नका.

त्रयोदशीचा रविवार धरला तर भरती सुमारे दहाची. साडेसात-पावणेआठला जागेवर हजर. पहिला तासभर पक्षी हळूहळू जवळ येताना बघायचे. सगळ्यात चांगला वेळ भरतीआधीचा दीड तास. भरती उलटली की चिखल उघडा पडेल तसे ते परत खाडीत जातात.

आता अडचण. ऐरोलीची बोटसुद्धा भरतीच्या आसपासच सुटते. बोटीला पाणी लागतं आणि पक्ष्यांना चिखल. दोन्ही एकत्र सापडतं ते भरतीच्या थोडं आधी किंवा थोडं नंतर. म्हणजे बोट आणि सीवूड्स एकाच भरतीवर होत नाहीत. एक निवडा. आई बरोबर असताना मी सीवूड्स निवडेन आणि बोट दुसऱ्या दिवसासाठी ठेवेन.

पाणथळवेडी

तिथीचं वरचं सगळं मान्य. पण बोट इतक्या सहज सोडू नका. सात वर्षांच्या मुलाला काठावर दोन तास शांत बसवणं आणि बोटीत तासभर बसवणं यात बोट कधीही सोपी.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात बोटीशिवायही बघण्यासारखं आहे. माहितीचं दालन आहे, कांदळवनातून जाणारी लाकडी वाट आहे. त्या वाटेवर मुलांना वर नाही, खाली बघायला सांगा. चिखलात उड्या मारणारा मासा म्हणजे निवटी. एकच नांगी मोठी असलेला खेकडा ती नांगी हलवतो तो मादीला बोलावायला आणि दुसऱ्या नराला दटावायला. चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीसारख्या काड्या ही तिवराची श्वासमुळं. चिखलात हवा नसते म्हणून झाड नाक वर काढतं. सडक्या अंड्याचा वास आला की मुलं नाक मुरडतील. तो वास गटाराचाच असतो असं नाही. हवा नसलेल्या गाळात पालापाचोळा कुजतो त्यातून तो वायू निघतो. निरोगी कांदळवनातही येतो.

बोटीचं आरक्षण आधी करा. रविवारच्या जागा लवकर भरतात आणि सुटण्याची वेळ त्या दिवसाच्या भरतीप्रमाणे बदलते. दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. केंद्र सोमवारी बंद. लाइफ जॅकेट सगळ्यांना घालावं लागतं. मुलांची टोपी दोरीवाली असू दे, खाडीत वारा असतो. बोटीत चढताना पाण्याच्या पातळीप्रमाणे उतार कमी-जास्त होतो, तेव्हा आरक्षण करतानाच आईंच्या गुडघ्यांचं सांगून ठेवा आणि चढण कशी आहे ते विचारा.

थोडी माहिती मुलीसाठी. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 1690 हेक्टर, आणि 2022 मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आलं. पांढरी चिपी हा 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. केंद्राच्या आसपास ओळखता आला तर तिला दहा गुण द्या.

येऊरवाला

गाडी नेण्याबद्दल. आपल्याकडे व्याघ्र प्रकल्पांत पर्यटकाला साधारणपणे वनखात्याच्या नोंदणीच्या जिप्सीत किंवा कँटरमध्ये, गाइडसोबतच बसावं लागतं. आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानासारखं आपणच गाडी हाकत फिरायचं, ते इथे नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली सफारीही त्यांच्याच बसमधून. तुमच्या दिवसाला सफारी म्हणायचं ते एवढ्याच अर्थाने की ठिकाणापर्यंतचा रस्ता आणि रस्त्याकडेचं बघणं आपल्या गाडीतून होतं.

येऊर या बेतातून काढा. गावात जाणाऱ्या रस्त्यावरून गाडी जाते, जंगलातल्या वाटांना परवानगी लागते, आणि बिबट्या दिसेल या आशेने संध्याकाळी मुलांना घेऊन तिथे रेंगाळू नये. तो तुम्हाला बघेल, तुम्ही त्याला बघणार नाही. अंधार पडताना लहान मुलाला लघवीसाठी रस्त्याच्या कडेला बसवणं हे तर मुळीच नको. बसलेलं मूल बिबट्याला उंचीने त्याच्या नेहमीच्या भक्ष्याएवढं दिसतं. वानरांना वेफर दाखवू नका. गाडीची काच उघडी आणि मांडीवर पुडा, एवढं त्यांना पुरतं.

चिखलपाय

गाडी कशी वापरायची ते कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आईंच्या दृष्टीने तोच मुद्दा मोठा.

बंद गाडीला पक्षी फारसे बिचकत नाहीत. त्यांना बिचकवतो तो दोन पायांवर चालणारा आकार आणि दार आपटल्याचा आवाज. म्हणजे गाडी हीच लपण. पाणी डाव्या हाताला येईल अशी उभी करा. आपण डावीकडूनच चालतो, त्यामुळे कडेला घेणंही सोपं. पुढची डावी सीट आईंना, मुलं मागे डावीकडे आळीपाळीने. मागच्या दारांना चाइल्ड लॉक. थांबलात की इंजिन बंद, नाहीतर गाडीची थरथर दुर्बिणीत उतरते आणि बॉनेटवरची गरम हवा समोरचं दृश्य हलवते. काच पूर्ण खाली नको, अर्धी. उशीच्या खोळीत किलोभर मूग भरून तोंड बांधा आणि ती पिशवी अर्ध्या काचेवर ठेवा. दुर्बीण तिच्यावर टेकवली की आईंचे हात दुखणार नाहीत आणि मुलांना पक्षी सापडेल. नव्या माणसाला दुर्बिणीत काही दिसत नाही त्याचं अर्धं कारण हात हलणं आणि उरलेलं अर्धं डोळ्यांच्या अंतराची जुळणी न करणं. आधी दोन नळ्या उघडमीट करून एकच गोल दिसेपर्यंत जुळवा. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डावा स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या आयपीसची (डोळ्याकडच्या भिंगाची) कडी फिरवा. चष्मा असेल तर रबरी कप खाली दाबायचे. हे सगळं घरी, समोरच्या इमारतीची पाटी बघून करून ठेवा.

दुर्बीण 8×42 घ्या, म्हणजे 8 पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं 42 मिलिमीटरची. 10×42 मध्ये पक्षी थोडा मोठा दिसतो, पण हाताचा कंपही मोठा होतो आणि बघण्याचा पट्टा लहान होतो. मुलांना पक्षी सापडतच नाही. मुलासाठी दुसरी हलकी 8×32 असेल तर भांडणं टळतील. 20× किंवा 30× लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणी खेळण्यातल्या समजा.

गाडी कुठे लावायची नाही ते जास्त महत्त्वाचं. पाम बीच रोडवर थांबायचं नाही, कितीही गुलाबी दिसलं तरी. तिथे गाड्या वेगात येतात आणि कॅमेरेही आहेत. करावे गावाच्या किंवा सीवूड्सच्या आतल्या रस्त्याने जा. आणि पाणथळीच्या कडेला डांबर किंवा मुरूम सोडून चाक उतरवू नका. वरून सुकलेली खपली दिसते, भेगाही पडलेल्या असतात, खाली मात्र गाळ तसाच ओला. एर्टिगाची पुढची चाकं ओढतात आणि पुढेच वजन असतं, त्यामुळे पुढची चाकं आधी रुततात. रुतलीच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका, खड्डा खोल होतो. सगळ्यांना उतरवा, पायपुसणी चाकांखाली घाला आणि रिव्हर्समध्ये, क्लचवर, हळू. उधाणाच्या दिवशी काही आतल्या रस्त्यांवर खारं पाणी येतं. त्यातून गाडी गेलीच तर घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर गंज धरतो.

थव्याकडे बघताना एक खूण लक्षात ठेवा. चरणारे फ्लेमिंगो मान खाली, चोच उलटी करून पाणी गाळत असतात. एकदम सगळ्यांच्या माना वर आल्या आणि थवा एका दिशेने चालायला लागला की समजा तुम्ही जास्त जवळ गेलात. पुढची पायरी उडण्याची. तिथेच थांबा, दोन पावलं मागे या. "उडवा ना, फोटो छान येतो" म्हणणारे महाभाग काठावर भेटतातच. त्यांच्यापासून लांब गाडी लावा. ड्रोनचा तर विचारही नको.

कर्नाळाप्रेमी

सगळ्यांनी कर्नाळ्याकडे पाठ फिरवलेली दिसते! अंतर फार नाही हो. सीवूड्सहून बेलापूर, पनवेल, पळस्पे आणि मुंबई-गोवा महामार्गाने पुढे; पनवेलपासून 12 किलोमीटरच्या आसपास. सकाळी सीवूड्स, जेवून दुपारी कर्नाळा, सहज जमतं. राज्यातलं पहिलं पक्षी अभयारण्य आहे, 1968 चं. मुलांना खाडीचे पक्षी आणि जंगलाचे पक्षी यातला फरक एकाच दिवसात कळेल.

खाडीकाठी

जमतं, पण दिसत नाही. जंगलातले पक्षी उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत हलतात, मग संध्याकाळी थोडा वेळ. दुपारी दोनला कर्नाळ्यात कुटुर्गा ओरडताना ऐकू येईल आणि महामार्गावरचे ट्रेलर. आईंना तिथे गाडीत बसून काहीच मिळणार नाही, कारण गाडी फाटकाशी ठेवून आत चालायचं असतं.

कर्नाळ्याला वेगळी सकाळ द्या. कर्णा (मलबार ट्रोगन) हा पक्षी बघायचा असेल तर वर शेंड्यावर शोधू नका, मधल्या फांद्यांवर शोधा. तो ताठ बसतो, बराच वेळ हलत नाही आणि बहुतेक वेळा तपकिरी पाठ आपल्याकडे असते. नराचं लाल पोट तो वळला तरच दिसतं. तिबोटी खंड्यासाठी पावसाळाच. रायगड जिल्ह्याचा तो जिल्हापक्षी, पावसाबरोबर येतो आणि ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून पिल्लं काढतो. फेब्रुवारीत शोधू नका.

कर्नाळाप्रेमी

बरं, दुपारचं मागे घेतो. उन्हाळ्यात पाणवठ्यांजवळ दुपारीही पक्षी पाण्यावर येतात, पण ते मार्च-अखेरीनंतर. प्लॅस्टिकच्या बाटल्या कमीत कमी न्या, फाटकावर मोजतात.

मानपाडाकर

भरपूर मिळालं, आभार. मग असं ठरवतो: फेब्रुवारीतला शुक्ल त्रयोदशीला लागून येणारा रविवार, पहाटे निघून थेट सीवूड्स, अकरापर्यंत तिथे. मग ऐरोलीचं केंद्र बोटीशिवाय, आणि जेवायला घरी. कर्नाळा पुन्हा कधीतरी.

तीन शंका राहिल्या. रस्ता कळव्यावरून की ऐरोली पुलावरून? सीवूड्सच्या तलावात त्या दिवशी पाणीच नसेल तर? आणि लहान-मोठा फ्लेमिंगो मुलांनी ओळखायचा कसा?

पाणथळवेडी

ओळख चोचीवरून. छोटा रोहित म्हणजे लहान फ्लेमिंगो, उंची 80 ते 90 सेंटीमीटर, चोच गडद किरमिजी, लांबून जवळजवळ काळी. मोठा रोहित सव्वा-दीड मीटरपर्यंत, रंगाने फिका, चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. उंचीवर जाऊ नका. दोघे शेजारी उभे असतील तरच उंची कळते. ठाणे खाडीत छोटेच जास्त. राखी-मळकट दिसतील ती पिल्लं, आजारी पक्षी नाहीत. गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि पुरता चढायला काही वर्षं लागतात. छोटा मुख्यतः निळं-हिरवं शेवाळ गाळतो, मोठा गाळातले किडे-कोळंबीसारखे जीव. म्हणून एकाच चिखलात दोघांचं जमतं.

फ्लेमिंगोंवरच अडकू नका. चित्रबलाक, चमचा, काळ्या डोक्याचा शराटी, शेकाट्या, तुतारी, वर घिरट्या घालणारा दलदली भोवत्या, भरतीला पाण्यावर तरंगणारे कुरव. मुलीला वहीत दर पंधरा मिनिटांनी आकडे लिहायला द्या: किती चरतायत, किती एका पायावर झोपलेत. मुलाला एकच काम, शेकाट्याचे लाल पाय शोधायचे. मर्लिन अ‍ॅप आवाज ओळखायला बरं, पण पक्ष्यांना आवाज वाजवून दाखवायचा नाही.

चिखलपाय

रस्ता: रविवारी पहाटे साडेसहाला कुठलाही चालेल. कळव्यावरून गेलात तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली अडकायची भीती सातनंतर. मुलुंड चेकनाका, ऐरोली पूल हा मार्ग थोडा लांब पण सरळ. हलक्या गाड्यांचा तिथला टोल ऑक्टोबर 2024 पासून बंद आहे. येताना सीवूड्स ते ऐरोली ठाणे-बेलापूर रोडने.

तलाव कोरडा असण्याची शंका रास्त आहे. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या की डी.पी.एस. तलाव आटतो, चिखल सुकतो आणि पक्षी फिरकत नाहीत. 2024 मध्ये तसं झालं होतं. म्हणून आदल्या चार दिवसांत ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या जागेच्या नोंदी बघा. तलावात पक्षी नसतील तर तिथे वेळ घालवू नका, सरळ टी. एस. चाणक्यच्या बाजूला या. तिथेही नसतील तर अजून पाणी पुरतं चढलेलं नाही. अर्धा तास थांबा, डबा उघडा.

मानपाडाकर

डबा गाडीतच उघडायचा ना?

येऊरवाला

गाडीतच, आणि काचा वर करून. घारी आहेत, कावळे आहेत, भटकी कुत्री तर असणारच. पोळी-भाजीचा रोल सगळ्यात सोयीचा, हात खराब होत नाहीत. पाणी माणशी लिटरभर. काठावर स्वच्छतागृह नाही, म्हणून सीवूड्सला पोचायच्या आधी रस्त्यात पेट्रोल पंपावर सगळ्यांना उतरवून घ्या, "मला नाही आली" म्हणणाऱ्यालासुद्धा. कांदळवनाजवळ डास आणि बारीक चावऱ्या माश्या असतात. मुलांना पूर्ण बाह्या आणि मोजे घाला. पहाटे लवकर पोचलात तर कांदळवनाच्या कडेला कोल्हा दिसू शकतो. नवी मुंबईच्या कांदळवनात आहेत. रस्ता ओलांडताना दिसला तर हॉर्न नको, दिवे मंद करा आणि त्याला जाऊ द्या.